मंडळींना सांगा

डॉक्टरांनी माझ्या घशात आरसा घालून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही करता काय?"

"बोलते," मी म्हटलं.

"ते सगळेच करतात."

"मी दुसऱ्यांचं बोलते."

मग त्यांना नीट सांगावं लागलं की मी कोर्टात दुभाषी आहे. साक्षीदाराची भाषा न्यायाधीशांना कळत नाही, न्यायाधीशांची साक्षीदाराला कळत नाही, आणि एकाचं दुसऱ्याला पोचवता पोचवता माझा आवाज पार बसला होता. डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर तोंडाला कुलूप. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त बिघडतं. कुठेतरी शांत जागी जाऊन राहा." आणि तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं, कारण माझ्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास बसला नसावा.

शांत जागा मी स्वतःच शोधली, त्यामुळे दोष कुणाला देता येत नाही. जाहिरातीत बाग होती, तीन खोल्या होत्या, निवांतपणा होता आणि वयस्कर जोडप्याची घरगुती देखभाल होती. गाव असं, की स्टेशनबाहेर एकच गाडी उभी होती आणि तिचा चालक आत झोपला होता. मी काच वाजवली आणि पत्ता दाखवला.

"बागवाल्यांकडे?" डोळे चोळत तो म्हणाला. "तुम्हाला बोलता येत नाही का?"

मी घशाकडे बोट दाखवलं.

"अरेरे," तो म्हणाला. हे अरेरे माझ्यासाठी नव्हतं, हे मला नंतर कळलं.

घर बसकं, पिवळ्या भिंतींचं. फाटकापासून पडवीपर्यंत दुतर्फा गुलाब, डाव्या हाताला लिंबाचं झाड, त्याच्यामागे भाजीचे वाफे. सगळं असं राखलेलं की पाय ठेवायला संकोच वाटावा. फक्त पायवाटेच्या बरोबर मध्यावर एक लाकडी बाक होता. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत आणि पूर्ण वाटेत. गुलाब बघत चालले होते, त्यामुळे माझी नडगी त्याच्यावर सडकून आपटली, आणि ओरडायलाही बंदी असल्यामुळे मी तो मार तोंड दाबून सोसला.

पडवीत काका उभे होते, कोपरापर्यंत मातीने भरलेले. स्वयंपाकघराच्या दारात काकू, हात पुसत. मी त्यांना मनातल्या मनात लगेच काका-काकू करून टाकलं, तशीच ती दोघं होती. काकूंनी प्रवासाची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "मालकांना सांग, बॅग मधल्या खोलीत ठेवा. कोपऱ्यातलीची खिडकी लागत नाही."

मालक त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मला वाटलं, माझ्यामागे कुणी नोकरमाणूस उभं असेल. वळून पाहिलं तर फक्त बाक.

काका लिंबाच्या झाडाकडे बघत म्हणाले, "मंडळींना सांगा, खिडकी परवाच दुरुस्त केली आहे."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते, तिच्यावरच माझं पोट चालतं. साक्षीदाराचं वाक्य संपलं की अख्खं कोर्ट माझ्याकडे तसं बघतं. मी घाईघाईने पर्समधून डॉक्टरांचा कागद काढून पुढे केला. काकांनी वाचला, खांबाच्या खिळ्याला अडकवला. काकूंनी तिथून काढून वाचला आणि परत अडकवला. असे चेहरे मी फक्त निकालाच्या दिवशी पाहिलेत.

"मुळीच नाही?" काकूंनी विचारलं.

"आठवडाभर?" काकांनी विचारलं.

मला वाटलं, काय मायाळू माणसं आहेत.

मुक्या माणसाचा एक फायदा असतो, लोक त्याला सगळं सांगून टाकतात. दुपारी काकू चहा घेऊन खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. भांडण बाकावरून झालं होतं. काकांना तो उन्हात हवा होता, काकूंना सावलीत. "पण बाकाचं काही नाही गं," काकू म्हणाल्या. "तेव्हा दोन पाहुणे बसले होते इथे, आणि त्यांच्यासमोर हे म्हणाले, हिला बागेतलं काय कळतं. मी म्हटलं, बरं. ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्याचकडून यापुढे निरोप घ्या."

निरोप पाहुण्यांमार्फत जायला लागले. त्याला आता कित्येक वर्षं झाली. मुलीचं लग्न ठरलं तेही एका बियाण्यांच्या एजंटामार्फत. पाहुणे भरपूर असायचे, त्यामुळे काही अडत नव्हतं. उलट पाहुण्यांच्या मोसमात बोलणं जरा जास्तच व्हायचं म्हणे. पण हायवेवर मोठं हॉटेल झालं आणि पाहुणे तुटले. पाहुणे तुटले म्हणजे बोलणंच तुटलं.

"गेल्या मोसमात आठवडेच्या आठवडे कुणी फिरकलं नाही," काकू म्हणाल्या. "घरात बोलायची ती फक्त कुकरची शिट्टी. मग मी मुलीला फोन केला. तिच्याकडे एक खोली आहे माझ्यासाठी, तिसऱ्या मजल्यावर. रविवारी तुला न्यायला गाडी येईल ना, त्यातच मी बसेन. पाहुणं घरात असताना घर सोडायचं नाही, एवढं पाळते. तू शेवटची."

मी हातानेच काकांच्या दिशेने विचारलं.

"त्यांना माहीत आहे. मागच्या पाहुण्यांनी सांगितलं." कप उचलता उचलता त्या थांबल्या. "ते त्यावर काय म्हणतात, ते सांगायला मात्र कुणी आलंच नाही. आणि आता देवानं पाठवलीस तू. मुकी."

मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि डॉक्टरांचा सगळ्यांत जास्त.

एक दिवस मी मूग गिळून काढला. जेवायला तिघं एकाच टेबलावर बसायचो, मी मधे. काका माझ्याकडे बघून म्हणायचे, "मंडळींना सांगा, सूपमध्ये मीठ कमी आहे." काकू तिथेच, ऐकू येतं ठणठणीत. पण मी म्हणेपर्यंत ते त्यांनी ऐकलेलं नसायचं. मिठाची बाटली काकूंच्या कोपराशी असायची आणि काका अळणी सूप पीत राहायचे. कायद्यात आम्ही याला प्रक्रिया म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पडवीत खुर्चीवर बसून कात्रीला धार लावत होते. पंपाचं बटण त्यांच्या डोक्याशी. काकूंनी खिडकीतून डोकं काढलं. "मालकांना सांग, टाकी भरून वाहतेय."

काकांनी ऐकलं. त्यांचे कान हललेले मी पाहिले. पाण्याचा लोट भिंतीवरून खाली आला आणि सरळ वाफ्यात शिरला, जिथे त्यांनी आदल्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने बी पेरलं होतं. काका बी वाहून जाताना बघत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते. काकूही माझ्याकडे बघत होत्या. माती काळी होऊन पायवाटेवर आली.

जित्याची खोड. "टाकी," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "टाकी भरून वाहतेय."

काका उडी मारून उठले आणि त्यांनी बटण बंद केलं. "आधी नाही का सांगायचं," ते मला म्हणाले. काकूंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या, आणि डॉक्टरांचा कागद त्या दिवशी खांबावरून नाहीसा झाला.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. त्यानंतर मला श्वास घ्यायला सवड मिळाली नाही. बागेतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून बागेत, आणि प्रत्येक फेरीला मधे तो बाक. काका म्हणत, मंडळींना सांगा, टॉवेल मळके वाळत घातलेत. काकू म्हणत, मालकांना सांग, मळके कुणाच्या हातांनी झाले. काका म्हणत, पाव जळलाय. काकू म्हणत, दात नसले की सगळं जळलेलंच लागतं. मी सगळं जसंच्या तसं पोचवत होते, कारण आमच्या धंद्याचा एकच धर्म आहे. पदरचं एक अक्षर घालायचं नाही आणि दुसऱ्याचं एक गाळायचं नाही. साक्षीदाराने शिवी दिली तर शिवीच द्यायची, तीही त्याच्याच तोंडची असल्यासारखी. दिवसभर मी कोर्टात मी मारलं, मी पाहिलं, मी घटस्फोट मागते असं म्हणत असते. त्यातला एकही 'मी' माझा नसतो. संध्याकाळी घरी जाते, तर तिथे बोलायला कुणी नाही, त्यामुळे तिथेही 'मी' लागत नाही. घसा मात्र या धावपळीत सुधारत चालला होता. त्याचं उत्तर वैद्यकशास्त्राने शोधावं.

चार वेळा निरोप नेले की माणसाची भाषा कळते. काकांची भाषा फक्त चुका काढण्याची होती. त्यांना चहा आवडला तर ते म्हणत, आज चुकून बरा झालाय. त्या भाषेत 'जाऊ नकोस' कसं म्हणतात, याची मी वाट बघत होते. कारण वाट काकूही बघत होत्या, हे मला दिसत होतं. प्रत्येक निरोपानंतर त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, "एवढंच?" आणि मी म्हणायची, "एवढंच."

काका मात्र एका कुंडीच्या मागे लागले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीखालच्या गुलाबाची फांदी त्यांनी आधीच केव्हातरी लावून ठेवली होती आणि आता तिला पालवी फुटली होती. ती कुंडी ते दिवसातून दहा वेळा फिरवत. "तिकडे गॅलरी आहे म्हणे," मला म्हणाले. "पश्चिमेची. दुपारनंतरचं ऊन सोसलं पाहिजे याला. सवय लावतोय." बायकोला थांब म्हणण्याऐवजी हा माणूस तिच्याबरोबर पाठवायच्या गुलाबाला शहराच्या उन्हाची सवय लावत होता. माझ्या तोंडाशी आलेलं मी महत्प्रयासाने गिळलं. पदरचं अक्षर घालायचं नाही.

रविवारी सकाळी गाडीवाला फाटकाशी येऊन उभा राहिला. काका बागेच्या टोकाला, कुंपणापाशी होते. त्यांनी कुंडी माझ्या हातात दिली.

"मंडळींना सांगा, गाडीत आडवी ठेवू नका. रोज पाणी घालू नका, मुळं कुजतात. एक दिवसाआड. पहिलं फूल आलं की लगेच तोडायचं, मोह धरायचा नाही, नाहीतर झाड खुरटतं. आणि कीड दिसली तर साबणाचं पाणी. साबण जास्त नको, यांचा हात सैल आहे."

मी थांबले. "आणखी काही?"

दुभाष्याला एवढं विचारायचा हक्क असतो.

"आणखी काय," काका म्हणाले आणि कुदळ घेऊन खाली वाकले. तिथे काहीही लावलेलं नव्हतं. ते नुसतीच माती खणत होते.

मी कुंडी घेऊन निघाले. कुंडीमुळे पुढचं दिसत नव्हतं, आणि बाक होता तिथेच होता. त्याच नडगीवर, त्याच जागी. या वेळी मी ओरडले आणि जे ओरडले ते कोर्टातसुद्धा फक्त अनुवादातच म्हणते. कुंडी बाकावर आदळून ठेवली आणि लंगडत स्वयंपाकघरात शिरले.

शेगडी पुसून लख्ख, डबे ओळीने, काकूंची बॅग बंद करून खुर्चीवर. काकू उभ्याच होत्या.

"काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. आडवी ठेवू नका, एक दिवसाआड, साबणाचं पाणी, हात सैल.

"एवढंच?"

नडगी ठणकत होती. या दोघांच्या मधे तो बाक, आणि बाकापाशी मी. "नाही," मी म्हटलं. "म्हणाले, जाऊ नकोस."

काकूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "हे ते म्हणाले?"

"हो."

"याच शब्दांत?"

"याच."

"कशातच चूक काढली नाही?"

इतकी वर्षं या धंद्यात काढून पहिलं खोटं बोलायचं ठरवलं, आणि तेही असं गचाळ. 'जाऊ नकोस, तुला तिथली लिफ्ट चालवता येणार नाही' असं म्हटलं असतं तर पचलं असतं. काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग बाहेर पडल्या, बाकाला वळसा घातला, आणि थेट कुंपणापर्यंत गेल्या. मी आरोपीसारखी मागून.

"अहो," काकू म्हणाल्या.

काकांच्या हातातली कुदळ पडली. गाडीवाला हॉर्न वाजवणार होता, त्याने हात मागे घेतला.

"ही सांगते तुम्ही म्हणालात, जाऊ नकोस. म्हणालात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाखालच्या मातीकडे. आता इकडे आड, तिकडे विहीर. एकतर घरी आलेल्या पाहुणीला तोंडावर खोटं पाडायचं, नाहीतर ते वाक्य स्वतःच्या अंगावर घ्यायचं. त्यांनी हाताची माती झटकली. मग माझ्याकडेच बघत म्हणाले, "मंडळींना सांगा, पाहुणे कशाला खोटं बोलतील."

"माझ्याकडे बघून बोला," काकू म्हणाल्या.

काका वळले. "अगं," म्हणाले आणि अडकले. तो शब्द इतकी वर्षं वापरात नव्हता, त्याला वेळ लागला. "अगं, पाहुणीला खोटं पाडायचं का आता?"

"म्हणजे म्हणालात."

"म्हणालो असेन. तू कधी ऐकतेस माझं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "हे मात्र यांचंच वाक्य," त्या म्हणाल्या आणि बॅग रिकामी करायला आत गेल्या.

त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. काका त्यांच्यामागे आत गेले आणि साठलेलं सगळं सुरू झालं. टॉवेल, पाव, मुलीचं लग्न, बियाण्यांचा एजंट. तू म्हणालीस, तुम्ही म्हणालात. न्याहारीचं कुणाला भानच राहिलं नाही. मी माझी बॅग स्वतः ओढत फाटकापर्यंत आणली. कुणी टाटा करायलाही आलं नाही. रागवावं की काय ते कळेना. खरं तर मला रडू येत होतं आणि भूक लागली होती.

"काकू?" गाडीवाल्याने विचारलं.

"येत नाहीत."

त्याने घरातून येणारा आवाज ऐकला. "चला," तो म्हणाला, "आता परतीचे पाहुणे गाडीत बसून यांच्या निरोपांचं रडगाणं नाही गाणार." पण चेहरा जरा उतरलाच त्याचा.

मी परत कामाला लागले. ये रे माझ्या मागल्या. मी मारलं, मी पाहिलं, मी घटस्फोट मागते. काही महिन्यांनी मी बागवाल्यांना फोन लावला. घसा पुन्हा दुखत होता म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. घसा उत्तम होता. मला तिथे जावंसं वाटत होतं, इतकंच.

काकांनी उचलला. आधी त्यांनी ओळखलं नाही. खरा आवाज त्यांनी ऐकला होता कुठे? मग म्हणाले, "हां हां, घसा! थांबा, हिला विचारतो." आणि फोन टेबलावर ठेवला, तसाच, उघडा.

कान हेही माझं पोटापाण्याचं साधन आहे. मला सगळं ऐकू आलं.

"नको म्हणावं," काकू म्हणाल्या. "मधल्या खोलीत बटाटे पसरलेत. आणि पाहुणे आले की धड भांडता येत नाही. हायवेवर हॉटेल आहे म्हणावं."

"अगं पण ती आहे. घसावाली."

मग काकूंचा आवाज, हलका. "ती तर मुळीच नको. ती आली की आपण परत तिच्यातून बोलायला लागू. चांगली आहे पोरगी. पण नको."

त्यांचं बरोबर होतं. मी खुर्चीत बसून राहिले. बरोबर असलेलं ऐकून बरं वाटतंच असं नाही.

काकांनी फोन उचलला. घसा खाकरला. "ती म्हणते, या," ते म्हणाले. "केव्हाही या. तुमचंच घर आहे."

इतका वाईट अनुवाद मी क्वचितच ऐकला असेल. काकूंच्या तोंडचा त्यात एक शब्द नव्हता, एक टोमणा नव्हता. सगळं पदरचं. आणि पहिल्यांदाच कुणीतरी पदरचं घालून मला उद्देशून बोललं होतं. मला एकतर म्हणता आलं असतं, मी ऐकलं सगळं. किंवा.

"काकू कशाला खोटं बोलतील," मी म्हटलं. "त्यांना सांगा, येते."

फोन पुन्हा टेबलावर.

"अगं, ती येतेय. बटाटे उचल."

"कुणी बोलावलं तिला?"

"तूच."

"मी? मी कधी म्हटलं?"

"आता पाहुणीला खोटं पाडायचं का?"

"बटाटे तुम्हीच उचला मग. आणि बाक आधी सावलीत घ्या, तिची नडगी फुटते दर वेळी."

"उन्हात घेतो."

"सावलीत."

मी फोन ठेवला नाही. तिकडे त्यांचं चाललं होतं ते ऐकत बसले. त्यातलं एक अक्षरही मला कुणाला सांगायचं नव्हतं.